रेकॉर्डरमधली खरखर नेमकी कुठून येते?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुमच्याकडे हातात मावणारा डिजिटल रेकॉर्डर आहे. वरच्या टोकाला दोन माइक बसवलेले आहेत आणि खाली दोन एक्सएलआर इनपुट (माइकच्या तीन पिनांच्या प्लगची जोडणी) आहेत. त्यावर तुम्ही घरच्या घरी गाणं आणि गिटार रेकॉर्ड करता, ट्रॅकवर ट्रॅक चढवता. गाण्यामागे सतत बारीक सरसर ऐकू येते. अडॅप्टर जोडला की खालच्या पट्टीत ‘घूं’ सुरू होतं. शिवाय मधूनच टिकटिक किंवा ‘चट्’ असा आवाज येतो. माइक बदलावा, रेकॉर्डर बदलावा, की सॉफ्टवेअरनं सगळं पुसून काढावं, असं तुम्ही विचारलं आहे.

सध्या यातलं काहीच करू नका. सरसर, घूं आणि टिकटिक हे तीन वेगवेगळे आवाज आहेत आणि बहुतेक वेळा त्यांची कारणंही तीन वेगवेगळी असतात. नवा माइक घेतल्यानं अडॅप्टरची घूं जाणार नाही. महागडा रेकॉर्डर घेतला तरी खोलीतल्या पंख्याचा आवाज तसाच राहील. माझं सगळं सांगणं एवढ्यावरच उभं आहे: आवाज कोणत्या टप्प्यावर आत शिरतो ते आधी पक्कं करायचं आणि त्यानंतरच पैसे खर्च करायचे. हे शोधायला एक मोकळी संध्याकाळ आणि थोडा धीर पुरतो.

सुरुवात रेकॉर्डरच्या मेन्यूपासून करा. ऑटो लेव्हल, ऑटो गेन किंवा अशाच नावाचं काही चालू असेल तर बंद करा. निम्म्या तक्रारींचं मूळ माझ्या मते तिथेच असतं. तुम्ही गाताना ही सोय गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते प्रमाण, खाली ओढते आणि तुम्ही श्वास घ्यायला थांबलात की तो वर चढवते. त्यामुळे प्रत्येक ओळीनंतर खरखर फुगल्यासारखी ऐकू येते. बोलणं टिपायला ही सोय ठीक आहे, संगीताला तिचा उपयोग नाही. तपासणीपुरते कॉम्प्रेसर, लिमिटर (मोठे आवाज आपोआप दाबणाऱ्या सोयी) आणि लो कट (खर्ज कापणारा फिल्टर) हेही बंद ठेवा. फाइल वेव्ह स्वरूपात, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर घ्या. एमपी३ नको, कारण हलके आवाज एमपी३ आपल्या पद्धतीनं टाकून देतो किंवा बदलतो, आणि आपल्याला नेमके तेच ऐकायचे आहेत.

आता कोणीही न गाता, न वाजवता फक्त शांतता रेकॉर्ड करायची. गेन नेहमी ठेवता तेवढाच ठेवा. प्रत्येक वेळी अर्धा मिनिट घ्या आणि सुरुवातीला तोंडानं सांगा: ‘बॅटरीवर, माइक जोडलेला, पंखा बंद’. पुढच्या वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा अर्धा मिनिट घ्या. एका वेळी दोन गोष्टी बदलल्यात तर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही, आणि मग सगळं पहिल्यापासून करावं लागेल.

या फाइली रेकॉर्डरच्या हेडफोनवर ऐकून निकाल लावू नका. छोट्या रेकॉर्डरच्या हेडफोन अँपलाच स्वतःची सरसर असते आणि आवाज पूर्ण वाढवला की ती ठळक होते. ती फाइलमध्ये नसतेच. फाइल कॉम्प्युटरवर घ्या आणि तिथे ऐका. ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज आहे त्याचा आलेख, तोही बघा. त्यात साइझ १६३८४ ठेवली तर ४८ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये साधारण ३ हर्ट्झ इतका बारीक फरक दिसतो. साइझ १०२४ असेल तर एकेक घर जवळजवळ ४७ हर्ट्झचं होतं आणि ५० हर्ट्झची घूं शेजारच्या घरांत विरघळून जाते. ‘स्पेक्ट्रममध्ये काही दिसत नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी हा आकडा तपासावा.

पहिल्यांदा सरसर घेऊ, कारण तिच्याबद्दलच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

सरसर पूर्णपणे कधीच जात नाही. कोणत्याही वाहकात तापमानामुळे इलेक्ट्रॉनची अविरत हालचाल चालू असते आणि तिचाच हा आवाज असतो. बेल लॅबोरेटरीजमध्ये जॉन जॉन्सन यांनी तो मोजला आणि हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचं गणित बसवलं. दोघांचे निबंध १९२८ साली प्रसिद्ध झाले. त्या गणितानुसार १५० ओहमच्या स्रोतातून, खोलीच्या तापमानाला, कानाला ऐकू येणाऱ्या पूर्ण पट्ट्यात साधारण उणे १३१ डीबीयू (सिग्नलच्या व्होल्टेजचं डेसिबलमधलं माप; उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल लहान) एवढा आवाज निघतोच. कोणताही प्रीअँप, म्हणजे माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारा रेकॉर्डरमधला भाग, याच्या खाली जाऊ शकत नाही. चांगल्या प्रीअँपचा आकडा उणे १२७च्या आसपास असतो. छोट्या, स्वस्त रेकॉर्डरमध्ये तो उणे १२० किंवा त्याहून वाईट असू शकतो. माहितीपत्रकात हा आकडा ‘ईआयएन’ नावानं दिलेला असतो. जिथे तो दिलेलाच नसतो, तिथे मी फार चांगल्याची अपेक्षा ठेवत नाही.

आता प्रत्यक्ष हिशोब करून बघू. श्युअर एसएम५८ हा सगळ्यांच्या ओळखीचा डायनॅमिक माइक, म्हणजे चुंबक आणि गुंडाळीवर चालणारा, बाहेरून वीज न लागणारा. त्याची संवेदनशीलता १.८५ मिलिव्होल्ट प्रति पास्कल आहे, म्हणजे ९४ डीबीच्या आवाजाला तो १.८५ मिलिव्होल्ट देतो. बोटांनी हळुवार वाजवलेली गिटार माइकपाशी समजा ६० डीबी पोचते. म्हणजे ३४ डीबी कमी, सुमारे पन्नासाव्या हिश्श्याएवढी. माइकमधून मग फक्त ३७ मायक्रोव्होल्ट निघतात, डीबीयूत साधारण उणे ८६. तुमच्या प्रीअँपची सरसर उणे १२० वर असेल तर संगीत आणि सरसर यांच्यात जेमतेम ३४ डीबीचं अंतर उरतं. हे अंतर फार कमी आहे. गेनची कळ कितीही फिरवली तरी ते वाढत नाही, कारण गेन दोघांनाही सारखंच वर उचलतो.

आता महागडा प्रीअँप आणला तर काय होईल? सर्वोत्तम, निसर्गाच्या मर्यादेला टेकलेला प्रीअँप जरी मिळाला तरी ३४चे ४५ होतात. अकरा डीबीचा फायदा. याउलट माइक ६० सेंटिमीटरवरून १५ सेंटिमीटरवर आणला तर? अंतर निम्मं झालं की आवाज साधारण ६ डीबी वाढतो आणि इथे ते दोनदा निम्मं झालं, म्हणून १२ डीबी. खोलीत, आणि गिटारसारख्या पसरट वाद्यासमोर, हा नियम तंतोतंत लागू होत नाही. तरी अंदाज बरोबरच राहतो. जगातला उत्तमातला उत्तम प्रीअँप जे देणार, तेवढंच माइक पुढे सरकवून मिळतं, आणि तेही फुकट. शिवाय खोलीचा घुमारा, पंखा, बाहेरची रहदारी हे सगळं त्याच प्रमाणात मागे पडतं. प्रीअँप बदलून ते होत नाही. म्हणून कोणी सरसर आहे म्हटलं की माझा पहिला प्रश्न नेहमी अंतराबद्दलच असतो.

माइक जवळ आणला की दोन अडचणी येतात. एकदिश (मुख्यतः समोरचाच आवाज घेणाऱ्या) माइकमध्ये खर्ज फुगतो. तिथे ८० हर्ट्झचा लो कट लावा. गाताना ‘प’, ‘फ’, ‘भ’ वर हवेचा धक्का बसतो. त्यासाठी पॉप फिल्टर लावा आणि माइक तोंडाच्या अगदी समोर न धरता थोडा बाजूला ठेवून तोंडाकडे वळवा. गिटारवर माइक आवाजाच्या छिद्रासमोर लावू नका, तिथे नुसती गुमगुम मिळते. मान आणि खोका जिथे जुळतात, साधारण बाराव्या पडद्याजवळ, तिकडे रोखलेला माइक बहुतेक गिटारींना मानवतो.

तुमची सरसर खरंच प्रीअँपची आहे का, हे सिद्ध करायची एक सोपी युक्ती आहे. एक्सएलआरचं मोकळं प्लग घ्या, त्याच्या पिन २ आणि ३ यांच्यामध्ये १५० ओहमचा रेझिस्टर जोडा आणि ते इनपुटमध्ये खोचा. फँटम पॉवर (केबलमधून माइकला दिली जाणारी ४८ व्होल्टची वीज) बंद ठेवा. रेकॉर्डरला वाटतं की माइक जोडलेला आहे, पण माइकच्या जागी पूर्ण शांतता असते. नुसतं इनपुट उघडं ठेवून ही चाचणी करू नका, कारण उघडं इनपुट जास्त खरखरतं आणि उगाच रेकॉर्डरवर आळ येतो. आता नेहमीच्या गेनवर अर्धा मिनिट घ्या. मग तेवढ्याच गेनवर माइक जोडून शांत खोलीत अर्धा मिनिट. तिसऱ्यांदा तोच माइक कपाटात, जाड गोधड्यांत गुंडाळून अर्धा मिनिट.

तिन्ही फाइलींची पातळी सारखी आली तर सरसर प्रीअँपची. गोधडीतल्या माइकची पातळी रेझिस्टरपेक्षा वर असेल तर माइकची. आणि खोलीतली फाइल गोधडीतल्या फाइलपेक्षा वर असेल तर ती सरसर खोलीची आहे, यंत्राची नाहीच. हा तिसरा निकाल लोकांना पटत नाही, पण कंडेन्सर माइक (वीज लागणारे, जास्त संवेदनशील माइक) वापरणाऱ्यांकडे तोच सगळ्यात जास्त निघतो. साध्या कंडेन्सर माइकचा स्वतःचा आवाज १५ डीबीच्या आसपास असतो आणि रात्रीची शांत समजली जाणारी खोलीसुद्धा ३० डीबीच्या घरात असते. पंख्याची हवा, फ्रिजचा कॉम्प्रेसर, लॅपटॉपचा छोटा पंखा हे सगळं रेकॉर्डिंगमध्ये सरसर म्हणूनच उतरतं. आपले कान त्यांना सरावलेले असतात, माइक नसतो.

रेकॉर्डरवरच बसवलेल्या माइकबद्दलही इथेच सांगतो. त्यांच्या कॅप्सूल लहान असतात, म्हणून त्यांचा स्वतःचा आवाज मोठ्या कंडेन्सरपेक्षा जास्त असतो. मोकळ्या गळ्याचं गाणं जवळून घ्यायला ते पुरेसे आहेत. हलकी गिटार किंवा कुजबुजता आवाज घ्यायचा असेल तर बाहेरचा माइक जोडा. आणि खरेदी करायचीच झाली तर माझा कल रेकॉर्डरपेक्षा कंडेन्सर माइककडे असेल. त्याची संवेदनशीलता २० मिलिव्होल्टच्या आसपास असेल तर तो एसएम५८पेक्षा सुमारे २० डीबी जास्त सिग्नल देतो. मग प्रीअँपवर भार पडतच नाही आणि साध्या रेकॉर्डरचा प्रीअँपही स्वच्छ वाटू लागतो. डायनॅमिक माइकच हवा असेल तर मध्ये लावायचे छोटे बूस्टर मिळतात, ते फँटम पॉवरवर चालतात आणि वीस-पंचवीस डीबी देतात. मात्र तुमचा प्रीअँप मुळात चांगला असेल तर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. रेझिस्टरच्या चाचणीनंतरच तो निर्णय घ्या.

गेन किती ठेवायचा? सर्वांत मोठा सूर रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डीबीच्या आसपास जाऊ द्या, सरासरी उणे १८-२० राहिली तरी चालेल. लाल दिव्यापर्यंत ढकलायची सवय टेपच्या आणि १६ बिटच्या काळातली आहे. १६ बिटची कागदावरची व्याप्ती ९६ डीबी, २४ बिटची १४४. छोट्या रेकॉर्डरचा कन्व्हर्टर (सिग्नलचे डिजिटल आकडे करणारा भाग) त्या १४४च्या जवळपासही जात नाही, तरी तुमच्या खोलीपेक्षा आणि माइकपेक्षा तो नक्कीच शांत असतो. ३२ बिट फ्लोटचे रेकॉर्डर घेतल्यावर सरसर जाईल अशी आशा अनेक जण बाळगतात. तसं होत नाही. पातळी चुकली तरी फाइल वाचते, हा त्याचा मोठा फायदा आहे. पण माइक आणि प्रीअँपमधून आलेली सरसर ३२ बिटमध्येही तेवढीच नोंदली जाते.

इनपुटचा प्रकारही बघून घ्या. इलेक्ट्रिक गिटार किंवा पिकअप (तारांची थरथर पकडून सिग्नल देणारा भाग) लावलेली गिटार थेट लाइन इनपुटमध्ये खोचली तर आवाज बोदा आणि बारीक येतो, कारण पॅसिव्ह पिकअपला साधारण १ मेगाओहमचं इनपुट लागतं आणि लाइन इनपुट बहुधा १० किलोओहमच्या आसपास असतं. मग तुम्ही वरची पट्टी वाढवता आणि तिच्याबरोबर सरसरही वाढते. रेकॉर्डरवर ‘हाय-झी’ किंवा गिटारचं बटण असेल तर ते लावा, नसेल तर डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल माइकच्या इनपुटला साजेसा करणारी छोटी पेटी) वापरा. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे एक्सएलआर माइक ३.५ मिलिमीटरच्या स्टीरिओ जॅकमध्ये साध्या जोड-प्लगनं जोडणं. अशा अनेक जोड-प्लगमध्ये एक तार डावीकडे जाते आणि तिच्या उलट सिग्नलची तार उजवीकडे. हेडफोनवर आवाज विचित्र, पसरट लागतो. दोन्ही बाजू मोनोत एकत्र केल्या की गाणं जवळजवळ नाहीसं होतं आणि मागे खरखर तेवढी उरते. ती माइकची चूक नसते, जोड-प्लगची असते.

आता घूं. तुम्ही म्हणता ती अडॅप्टर जोडल्यावरच येते. म्हणजे अर्धा शोध तुम्हीच लावला आहे.

बॅटरीवर, यूएसबी काढून, बाकी काहीही न जोडता रेकॉर्ड करा. घूं गेली तर माइक आणि प्रीअँप निर्दोष. दोन पिनांचे छोटे यूएसबी चार्जर आतून हाय फ्रिक्वेन्सीवर चालू-बंद होत असतात आणि वीजपुरवठ्याच्या बाजूपासून यूएसबीच्या बाजूपर्यंत त्यांच्यात एक छोटा कपॅसिटर असतो. त्यातून अगदी क्षीण प्रवाह रेकॉर्डरच्या धातूपर्यंत पोचतो. रेकॉर्डरच्या धातूच्या भागाला किंवा गिटारच्या तारांना हात लावल्यावर घूं कमी-जास्त झाली तर खूण पक्की. चार्जर बदलून बघा, पण सगळ्यात सरळ उपाय म्हणजे रेकॉर्डिंगपुरतं बॅटरीवर चालवणं. पॉवर बँकही चालते. मात्र काही पॉवर बँका कमी प्रवाह बघून स्वतःच बंद होतात आणि काहींच्या आतल्या सर्किटमधून बारीक शिट्टी येते, म्हणून त्याचाही अर्धा मिनिट आधी घेऊन ऐका.

घूं फक्त दुसरं उपकरण जोडल्यावर येत असेल, म्हणजे कीबोर्ड, मिक्सर, किंवा यूएसबीनं जोडलेला कॉम्प्युटर, तर तो ग्राउंड लूप. दोन उपकरणं ऑडिओ केबलनं एकमेकांना जोडलेली असतात आणि वीजपुरवठ्याच्या अर्थिंगनंही. या बंद वाटेनं फिरणारा प्रवाह ऑडिओ केबलच्या शील्डमधून (तारांभोवतीच्या धातूच्या आवरणातून) जातो आणि घूं होऊन बसतो. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. लॅपटॉप असेल तर त्याचा चार्जर काढा. तेवढ्यानं भागलं नाही तर मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा ग्राउंड लिफ्ट (शील्डची जोडणी तोडणारं बटण) असलेला डीआय बॉक्स लावा. हे ऑडिओच्या बाजूचं तोडणं आहे, त्यात धोका नाही. पण वीजपुरवठ्याच्या प्लगमधली अर्थची पिन कापणं, तिच्यावर चिकटपट्टी लावणं, अर्थ नसलेला प्लग बसवणं, यातलं काहीही करू नका. असं केलं की घूं खरंच थांबते, म्हणूनच हा सल्ला एकमेकांना दिला जातो. पण उपकरणात बिघाड झाला तर वीज जायला तुमच्या हातातून आणि माइकला टेकलेल्या ओठांतून वाट मिळते. गाण्यासाठी हा धोका पत्करायचा नसतो.

घूंची पट्टी स्पेक्ट्रममध्ये बघा, तीही पत्ता सांगते. विजेची फ्रिक्वेन्सी जगात बहुतेक ठिकाणी ५० हर्ट्झ आहे, उत्तर अमेरिकेत ६०. एकट्या ५० वर मऊ, गोल घूं असेल तर जवळपास ट्रान्सफॉर्मर आहे. माइक, केबल किंवा गिटार त्यापासून दूर न्या. १००, २००, ३०० अशी कुंपणासारखी टोकं दिसत असतील आणि आवाज भुंग्यासारखा बोचरा असेल तर तो पॉवर सप्लाय, दिव्याचा डिमर किंवा स्वस्त एलईडी दिवा. खोलीतले दिवे एकेक करून बंद करा, दोषी दिवा लगेच कळतो.

इलेक्ट्रिक गिटारला सिंगल कॉइल पिकअप असतील तर थोडी घूं येणारच, कारण गुंडाळी आसपासचं चुंबकीय क्षेत्र पकडते. १९५५ मध्ये गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी दोन उलट्या गुंडाळ्यांचा हंबकर रचला तो याच त्रासावर. तुमच्याकडे सिंगल कॉइलच असेल तर गिटार धरून हळूहळू स्वतःभोवती फिरा. एका कोनात घूं एकदम खाली जाते. त्या दिशेला तोंड करून वाजवा. तारांना हात लावल्यावर घूं कमी झाली तर गिटारचं वायरिंग बरोबर आहे. हात लावल्यावर ती वाढत असेल तर आतलं ग्राउंड तपासून घ्या.

केबलवर फार वेळ घालवत नाही. बॅलन्स्ड केबलच्या दोन तारांत सिग्नल उलटसुलट असतो आणि वाटेत घुसलेला आवाज सारखा. इनपुट त्यांची वजाबाकी करतं, म्हणून घुसलेला आवाज मरतो. गिटारच्या साध्या केबलला हे संरक्षण नसतं, तिची लांबी पाच-सहा मीटरच्या आत ठेवा. स्पीकरची केबल गिटारला लावू नका, तिला शील्डच नसते. आणि संशय आला की केबल बदलून बघा, तिच्याशी वाद घालत बसू नका.

मोबाइलला मात्र जागा द्यायला हवी. त्या ओळखीच्या ‘टिर्र-टिर्र-टिर्र’ची फ्रिक्वेन्सी २१७ हर्ट्झच्या आसपास असते, कारण जीएसएम फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा छोट्या झटक्यांत प्रक्षेपण करतो. नव्या नेटवर्कवर तो इतका नियमित ऐकू येत नाही, तरी गुरगुर आणि टकटक येतेच. गाण्याचे शब्द वाचायला अनेक जण फोन माइकच्या स्टँडवरच लावतात. शब्द कागदावर घ्या, किंवा फोन फ्लाइट मोडमध्ये टाकून वापरा.

राहिली टिकटिक आणि चट्-चट्. इथे वेळ बघा. टिकटिक ठरावीक अंतरानं येते की वाटेल तेव्हा?

ठरावीक अंतरानं असेल तर सर्वात आधी मेट्रोनोमवर संशय घ्या. ट्रॅकवर ट्रॅक चढवताना हेडफोनमध्ये मेट्रोनोम असतो, हेडफोन मागून उघडे किंवा सैल असतात, आणि ती टिकटिक सरळ माइकमध्ये शिरते. बंद प्रकारचे हेडफोन घाला, मेट्रोनोमचा आवाज कमी करा, टिक ऐवजी मऊ आवाज निवडा. भिंतीवरचं घड्याळही बघा. या दोन्हीपैकी काही नसेल तर रेझिस्टर लावलेल्या इनपुटवर पुन्हा रेकॉर्ड करा. तरीही टिकटिक आली तर ती रेकॉर्डरच्या आतूनच येते आहे. मेमरी कार्डवर लिहिण्याचे झटके जास्त गेनवर इनपुटमध्ये झिरपू शकतात. दुसरं कार्ड घालून बघा.

वाटेल तेव्हा येणारा ‘चट्’ फाइलमध्ये पूर्ण मोठा करून बघायचा. लहर मध्येच तुटून उभी रेघ किंवा सपाट खड्डा दिसत असेल तर तिथले नमुने (सेकंदाला हजारो वेळा नोंदले जाणारे आवाजाचे आकडे) हरवले आहेत. कार्ड मंद किंवा जुनं आहे. आधी फाइली काढून घ्या आणि कार्ड कॉम्प्युटरवर नाही, रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करा. रेकॉर्डर ऑडिओ इंटरफेस म्हणून कॉम्प्युटरला जोडून वापरत असाल तर दोन्हीकडे एकच सँपल रेट आहे ना ते बघा, एकीकडे ४४.१ आणि दुसरीकडे ४८ असला की चटचट होते. बफर (कॉम्प्युटर आवाज तात्पुरता साठवतो तो कप्पा) वाढवला तरी बऱ्याचदा ती थांबते.

लहर तुटलेली नसून वेडीवाकडी, कर्र-कर्र अशी असेल तर प्रश्न जोडणीचा आहे. रेकॉर्ड करत असतानाच प्लग, केबलचं टोक, गेनची कळ एकेक करून हळू हलवा. कळ खरखरत असेल तर ती या टोकापासून त्या टोकापर्यंत अनेक वेळा फिरवा, राहिलंच तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा हलका फवारा द्या. फँटम पॉवरवरचा माइक अधूनमधून कडकडत असेल तर बॅटरी तपासा. ४८ व्होल्ट देणं छोट्या बॅटऱ्यांना जड जातं आणि त्या उतरल्या की माइक आधी तक्रार करतो. डायनॅमिक माइकसाठी फँटम बंदच ठेवा, बॅटरीही जास्त टिकेल.

फक्त मोठ्या सुरांवर येणारी फाटकी कर्कर म्हणजे क्लिपिंग. लहरींचे माथे कापलेले दिसतील. फाइलची पातळी उणे ६ दिसत असूनही माथे सपाट असतील तर सिग्नल आधीच, प्रीअँपमध्ये फाटला आहे. कन्व्हर्टरनंतर लागणारा लिमिटर त्याला वाचवू शकत नाही. गेन कमी करा किंवा पॅड (सिग्नल कमी करणारी सोय) लावा. हातातल्या रेकॉर्डरच्या माइकमध्ये बोटांची खसखस आणि टेबलाचे धक्केही थेट येतात. तो ट्रायपॉडवर लावा, खाली जाड फोम ठेवा आणि टेक चालू असताना बटणाला हात लावू नका.

कोणी अजून कॅसेटचा मल्टीट्रॅक वापरत असेल, १९७९ मध्ये आलेल्या टॅस्कॅमच्या पोर्टास्टुडिओ १४४ च्या वंशातला, तर त्याची सरसर टेपची असते आणि वरचे हिशोब तिथे वेगळे पडतात. टेपवर पातळी भरपूर चढवावी लागते, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसावे लागतात, आणि ज्या नॉइज रिडक्शननं रेकॉर्ड केलं त्याच प्रकारानं वाजवावं लागतं.

आता सॉफ्टवेअर. मी त्याच्या विरोधात नाही, पण त्याचा क्रम शेवटचा आहे. नॉइज रिडक्शन एकदम वीस-तीस डीबी लावलं की सरसर जाते आणि जाताना गाण्याचा श्वास, तारेची शेपटी, ‘स’ची धार घेऊन जाते, मागे पाण्यात बुडबुडल्यासारखा आवाज उरतो. सहा डीबी लावा, फार तर दहा. घूं असेल तर ५०, १००, १५० वर अरुंद नॉच (तेवढीच फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर) लावा, पण बोचऱ्या भुंग्याची टोकं इतकी असतात की सगळी कापता कापता गिटारच कापली जाते. ती मुळातच थांबवायला हवी.

ट्रॅकवर ट्रॅक चढवणाऱ्यांनी आणखी एक हिशोब ध्यानात ठेवावा. सारख्या पातळीच्या सरसरीचे ट्रॅक दुप्पट झाले की एकूण सरसर ३ डीबी वाढते. आठ ट्रॅक म्हणजे ९ डीबी. घूं तर सगळ्या ट्रॅकवर एकाच तालात आली तर दुपटीला ६ डीबीपर्यंत चढू शकते. त्यावर कॉम्प्रेसर लावून १० डीबी उचललं की मागची खरखरही तेवढीच वर येते. म्हणून एकेका ट्रॅकवर ‘एवढी काही नाही’ वाटणारी सरसर शेवटच्या मिक्समध्ये डोकं वर काढते. प्रत्येक ट्रॅकवर जिथे कोणी गात-वाजवत नाही तो भाग कापून टाका आणि कापलेल्या टोकांना छोटे फेड द्या. एवढ्यानंच बरंच काम होतं.

तुमच्या बाबतीत मी असा क्रम धरेन: ऑटो लेव्हल बंद, अडॅप्टर काढून बॅटरी, माइक १५ सेंटिमीटरवर, पंखा आणि फोन बंद, बंद हेडफोन. एवढं करून तोच तुकडा पुन्हा घ्या आणि जुन्या फाइलशेजारी ठेवून ऐका. दोन्हींत गाण्याची पातळी सारखी करून मगच तुलना करा, नाहीतर मोठा आवाज आपोआप चांगला वाटतो. तरीही सरसर उरली तर रेझिस्टर, खोली आणि गोधडी या तिन्ही फाइली, गेनचा आकडा आणि माइकचं मॉडेल इथे द्या. त्यावरून माइक बदलायचा की रेकॉर्डर, ते नक्की सांगता येईल. आणि यापुढे प्रत्येक टेकच्या आधी दहा सेकंद काही न करता नुसतं रेकॉर्डिंग चालू ठेवा; नॉइज रिडक्शनला खोलीचा नमुनाही तिथूनच मिळेल.